'अकोमोडेशन'मध्ये दोन सी आणि दोन एम कुठून आले? (होमस्टेवाले, पेंटर, फ्लेक्सवाले सगळ्यांनी या)

फ्लेक्सवाली

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. गणपती गावाला गेले की इकडे दिवाळीच्या सीझनची गडबड सुरू होते. घराला रंग, आगरातल्या वाटेची साफसफाई आणि नवा बोर्ड. कर्दे, मुरूड, आंजर्ले, केळशी, सगळीकडून होमस्टेवाले येतात. प्रत्येकाच्या मजकुरात एक शब्द ठरलेला असतो, 'अकोमोडेशन', आणि दहातल्या आठांचा तो चुकलेला असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर जे येतं त्यात कोणाचे दोन सी आणि एक एम, कोणाचा एक सी आणि दोन एम, कोणाचे दोन्ही एकेकटे. मधल्या ओच्या जागी ए घालणारेही आहेत. बरोबर स्पेलिंग ए, सी, सी, ओ, एम, एम, ओ, डी, ए, टी, आय, ओ, एन. तेरा अक्षरं.

मी दुरुस्त करून प्रूफ पाठवते आणि मग वाद सुरू होतो. "ताई, एम डबल पडलाय, एक काढा." "शेजाऱ्याच्या बोर्डावर एकच आहे, आमच्यावर जास्तीचा कशाला?" त्याहून मोठी अडचण जागेची. सहा बाय तीनचा फ्लेक्स. वर घराचं नाव, खाली दोन मोबाईल नंबर, एका कोपऱ्यात तळलेली सुरमई, दुसऱ्या कोपऱ्यात माड. उरलेल्या पट्टीत 'एसी / नॉन एसी अकोमोडेशन अव्हेलेबल' बसवायचं. फॉन्ट दाबून अरुंद केला तर चालत्या गाडीतून वाचता येत नाही. मग सल्ला मिळतो, "उडवा हो एक एम, कोण बघतंय!"

तर जाणकारांनो, दोन-दोन का, ते सांगा. पाठ करायच्या युक्त्या नकोत, त्या मला येतात. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला पटेल असं कारण हवंय.

पुणेरी_पाहुणा

बोर्डावर स्पेलिंग चुकलेलं दिसलं की आम्ही गाडी तिथेच लावतो. घरगुती असल्याची खात्री पटते. स्पेलिंग बरोबर असतं तिथे सोलकढीचे वेगळे पैसे लावतात.

आगर_विकणे_नाही

दिवेआगरहून. आमच्या बोर्डावर एकच एम आहे. मे महिन्यात एक खोली रिकामी नव्हती. रुमाल टाकून ठेवतो, जाणकार येतीलच.

निवृत्त_मास्तर

ताई, कारण आहे. आणि ते मराठी माणसाला इंग्रजापेक्षा लवकर कळेल, कारण आपण शाळेत संधी सोडवलेल्या असतात.

शब्द मूळचा लॅटिन. त्याचे तीन तुकडे. 'अ‍ॅड' हा उपसर्ग, अर्थ '-कडे' किंवा '-ला'. मग 'कॉम', म्हणजे 'सह'. मग 'मोडुस', म्हणजे माप, रीत. कॉम आणि मोडुस मिळून 'कोमोडुस' हे विशेषण, अर्थ मापात बसणारं, सोयीचं. त्याला पुढून अ‍ॅड लागला आणि क्रियापद झालं: एका गोष्टीला दुसरीच्या मापात बसवणे, जुळवून घेणे, सोय करणे.

आता सांधे बघा. अ‍ॅडमधला डी कोमोडुसच्या सीला भिडला. दोन वेगळी व्यंजनं एकापाठोपाठ उच्चारायला जीभ कंटाळते, म्हणून डी पुढच्या सीसारखाच झाला. अ‍ॅड-कोचं अक्-को. आपल्याकडे उत् + ज्वल = उज्ज्वल होतं, तेच हे. उत् + लेख = उल्लेख, सत् + जन = सज्जन, तत् + लीन = तल्लीन. पुढचा आला की मागचा आपलं रूप सोडतो. हाच अ‍ॅड इंग्रजीत जागोजागी वेष बदलून बसलाय: अफेक्टमध्ये दोन एफ, अलोकेटमध्ये दोन एल, अनाउन्समध्ये दोन एन, अप्लायमध्ये दोन पी, अटेंडमध्ये दोन टी. अ‍ॅड्रेसमध्ये त्याला बदलावंच लागलं नाही, समोर डीच होता.

एमची गोष्ट वेगळी. तिथे काहीच बदललेलं नाही. एक एम कॉमचा, दुसरा मोडुसचा. तत् + त्व = तत्त्व, महत् + त्व = महत्त्व. एक त इकडचा, एक तिकडचा, दोघांचाही हक्काचा.

म्हणजे एकाच शब्दात पहिली जोडी 'उज्ज्वल'ची आणि दुसरी 'तत्त्वा'ची. आणि गंमत बघा, आपल्याकडे याच दोन जागी लोक चुकतात. 'उज्वल भविष्य' आणि 'महत्वाची सूचना' लिहिणाऱ्याच्या हातूनच अकोमोडेशनचा एम निसटतो. चुकीचं कारणही तेच. ऐकू येतो एक आणि लिहायचे दोन.

फ्लेक्सवाली

मास्तर! 'उज्वल भविष्य' कालच छापून दिलंय, दहावीच्या क्लासचं. त्यांनीही एक ज् परत काढायला लावला होता.

एक विचारते. दोन सी बहुतेक जण बरोबर लिहितात. मार खातो तो एमच. असं का?

निवृत्त_मास्तर

निरीक्षण बरोबर आहे. दोन सींची हाताला सवय असते. अकाउंट, अ‍ॅक्सेप्ट, अ‍ॅक्सिडेंट, सगळीकडे अ‍ॅड आणि सी यांचीच भेट. कॉमचं मात्र नक्की नसतं. कंपनी, कम्प्लीट, कंपेअर, कॉम्प्युटर यांत कॉमच्या पुढे पी येतो, म्हणून एम एकच. हे शब्द आपण दिवसभर लिहितो. कॉमन, कमिटी, कमिशन, कॉमर्स यांत पुढचा तुकडाच एमने सुरू होतो, म्हणून दोन. हात 'कॉम' लिहून मोकळा होतो आणि पुढच्या ओवर उडी मारतो. मोडुसचा एम दारातच राहतो.

उलटी चूक 'रेकमेंड'मध्ये होते. तिथे 'रे' स्वरान्त असल्याने सांधा जुळवायचा प्रश्नच नाही, सी एकच हवा. पण लोक अकोमोडेशनच्या धाकाने दोन सी लिहितात आणि एम एक करतात. दोन्ही उलट.

शिवाय इंग्रजीत व्यंजन दोनदा लिहिलं तरी उच्चार दुहेरी होत नाही. आपण 'पका' आणि 'पक्का' कानाने वेगळे करतो. अकोमोडेशनमध्ये कानाला काहीच पुरावा मिळत नाही.

मालवणी_खाजा

मास्तरानू, तुमचा बरोबर आसा. पण मी काय सांगतंय ता आयका. बोर्डार 'ऱ्हवाची नि जेवाची सोय आसा' असा लिवा. पावणो वाचतलो नि आत येतलो. सी मोजीत गेटार उभो ऱ्हवना नाय.

आगर_विकणे_नाही

+१. पण खाजाभाऊ, मुंबई-कोल्हापूरचा पाहुणा वाचेल. बंगळूर-हैदराबादची गाडी आली की काय करणार?

मालवणी_खाजा

तेंका बांगड्याचो वास येता. बोर्ड कित्याक होयो?

खारवी_आळी

हसून मेलो. बाकी बोर्ड मराठीत असणं आता नुसती हौस नाही. २०२२च्या दुरुस्तीनंतर दुकानं आणि आस्थापनांवर देवनागरीत मराठी नाव लागतं, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. म्हणजे इंग्रजी शब्दाला बोर्डावर मुळातच दुसरी पट्टी. त्यात तेरा अक्षरं. ताईंची अडचण वाढणार आहे.

फ्लेक्सवाली

वाढलीच आहे. आणि शब्दाचा अर्थ काय, तर मापात बसवून घेणे. तोच मेला मापात बसत नाही.

खाजाभाऊंचा मुद्दा मात्र मनात घोळतोय. आमच्याकडे जुन्या पत्र्याच्या पाट्यांवर पेंटरने रंगवलेली एक ओळ असायची, 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. मास्तर म्हणतात कोमोडुस म्हणजे सोयीचं. म्हणजे त्या पेंटरने अकोमोडेशनचं नेमकं मराठी केलं होतं की. सरकारी योजनेचं नाव 'निवास व न्याहारी' आहे. चांगलं आहे, पण त्यात मला सोय दिसत नाही, नुसती खोली दिसते.

वेदोक्त

यात आश्चर्य काहीच नाही. लॅटिन 'कॉम' म्हणजे आपला 'सम्' उपसर्गच. अर्थ तोच, सह. रोमनांनी उचलला. सगळं इथूनच गेलेलं आहे.

निवृत्त_मास्तर

वेदोक्त, सावकाश. अर्थ जुळतो, कूळ जुळत नाही. संस्कृत 'सम्'चे भाऊबंद इंग्रजीतला 'सेम' आणि ग्रीक 'होमोस'. लॅटिनमध्ये त्या घरचा 'सिमिलिस' आहे, ज्यावरून सिमिलर आला. 'कॉम' वेगळ्या घरचा. दोन्ही भाषा एका मोठ्या कुटुंबातल्या आहेत, हे खरं. पण कोणी कोणाकडून उचललं, असं त्यातून निघत नाही. आणि संधी होणं हे काही संस्कृतचं पेटंट नाही, तोंड असलेल्या सगळ्या माणसांच्या भाषेत होते.

वेदोक्त

बघू. वाचन चालू आहे.

चौथा_इंजिनियर

हर्णैचा, सध्या रजेवर. जहाजावर हा शब्द आम्ही दिवसातून पन्नासदा म्हणतो आणि तिथे त्याचा अर्थ खोली असा नसतोच. मालवाहू जहाजाच्या मागच्या बाजूला जी पांढरी इमारत दिसते ना, ज्याच्या टोकाला ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली असते, ती अख्खी इमारत म्हणजे अकोमोडेशन. केबिन, मेस, गॅली, हॉस्पिटल, लाँड्री सगळं तिच्यात. इंजिन रूम खाली. "कुठे आहेस?" "अकोमोडेशनमध्ये." म्हणजे ड्यूटीवर नाही, एवढंच कळतं.

आणखी एक, अकोमोडेशन लॅडर. जहाजाच्या कुशीला तिरका सोडतात तो धातूचा जिना, कठडा आणि पायऱ्या असलेला. पायलट, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणारा, चढतो ती दोरीची शिडी वेगळी. पाण्यापासून चढायचं अंतर नऊ मीटरहून जास्त असेल तर आधी थोडी दोरीची शिडी आणि पुढे हा जिना, अशी जोडणी करून द्यावी लागते. नियमच आहे. आमच्या बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, एकदा लाकडी फळीवर स्टेन्सिलने त्याचं नाव रंगवलं. एक एम. कॅप्टन इटालियन होता, काही बोलला नाही.

रेवदंडा_बंदर

कॅप्टन का बोलला नाही ते सांगतो! इटालियनमध्ये या क्रियापदाचं स्पेलिंग दोन सी आणि एकच एम असंच आहे. 'सी अकोमोदी' म्हणजे आपलं 'या, बसा'. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये तर एक सी, एक एम. फ्रेंचांनी दोन्ही जोड्या ठेवल्या. जर्मनमध्ये डोळ्यांच्या संदर्भात हा शब्द वापरतात, त्यात दोन के आणि दोन एम.

तेव्हा दिवेआगरकरांनी काळजी करू नये. त्यांच्या बोर्डावर इटालियन स्पेलिंग आहे. आणि दोन्ही एकेकटे लिहिणारे पोर्तुगीज पद्धतीचे. आमच्या बाजूला कोर्लईला पोर्तुगीजमधून आलेली बोली आजही घराघरांत बोलतात, त्यामुळे या किनाऱ्यावर तेही परकं नाही.

आगर_विकणे_नाही

बोर्डाखाली 'इटालियन पद्धत' असं बारीक अक्षरात टाकून मिळेल काय ताई?

फ्लेक्सवाली

मिळेल. स्क्वेअर फुटाचे पैसे पडतील.

सरळरेषा

मग प्रश्नच मिटला ना? तीन-चार भाषांनी अक्षरं सोडून दिली तर आपण का धरून बसायचं? भाषा बदलते. पाहुण्याला अर्थ कळला, पुरे.

निवृत्त_मास्तर

सरळरेषा, इटालियनांनी सोडला तो सगळ्यांनी मिळून सोडला. शब्दकोशात एक, शाळेत एक, बोर्डावर एक. आपल्याकडे परवा समुद्रावर जाणाऱ्या रस्त्याला एक पाटी पाहिली. बाण उजवीकडे, वर दोन एम. तिच्याच मागच्या बाजूला, येणाऱ्यांसाठी, एक एम. एका घराची, एका पेंटरची, एकाच पत्र्याची पाटी. याला भाषा बदलणं म्हणता येत नाही. खडूने आखताना मागच्या बाजूची जागा संपली, एवढंच झालंय.

इंग्रजीने दोन्ही जोड्या धरून ठेवल्या, कारण तिथले पंडित लॅटिनकडे बघून लिहीत होते. शब्द इंग्रजीत रुळला तो सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून. तेव्हा तो चकचकीत नवा, मिरवण्याचा शब्द होता. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री'च्या दुसऱ्या भागात यावर एक छान फिरकी आहे. बार्डॉल्फ नावाचा शिपाईगडी हा शब्द बोलता बोलता टाकतो. खेड्यातला न्यायाधीश शॅलो खूश होऊन म्हणतो, वा, सुरेख शब्द, लॅटिन 'अकोमोडो'वरून आला. मग बार्डॉल्फ अर्थ सांगायला जातो आणि शब्दाभोवतीच गोल गोल फिरत राहतो. त्याला तो वापरता येतो, सांगता येत नाही. हे नाटक १६०० साली छापलं गेलं. आपले 'अव्हेलेबल'वाले बोर्ड बघितले की मला बार्डॉल्फ आठवतो.

जंजिऱ्याचा_बुरूज

जबरदस्त धागा. माझी भर. याच शब्दाचा भाऊ म्हणजे 'कमोडोर'. तोही दोन एमवालाच. आणि कमोडोरचा कोकणाशी जुना संबंध. १७५५ साली बॉम्बे मरीनच्या, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराच्या, कमोडोर विल्यम जेम्सने पेशव्यांशी संधान बांधून तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला. हर्णैच्या समोरचाच. ज्याची सोय लागली तो कमोडोर!

निवृत्त_मास्तर

सुवर्णदुर्गाचं बरोबर, भाऊबंदकीचं नाही. कमोडोर बहुधा डचमधून इंग्रजीत आला आणि तो 'कमांड'च्या घरचा आहे, हुकूम देणारा. तिथे कॉमच्या पुढे 'हाती सोपवणे' अशा अर्थाचं क्रियापद आहे. त्याचीही सुरुवात एमने होते, म्हणून दोन एम. सांधा तोच, माणसं वेगळी.

पण १७५५ काढलंत ते बरं केलंत. त्याच वर्षी लंडनमध्ये सॅम्युअल जॉन्सनचा शब्दकोश निघाला. त्यात हा शब्द दोन सी, दोन एम असाच आहे. तेव्हापासून इंग्रजांना पळवाट उरली नाही.

पुणेरी_पाहुणा

खरा भाऊ मी सांगतो. कमोड.

फ्लेक्सवाली

पाहुणे, दिवे घेते.

पुणेरी_पाहुणा

थट्टा नाही. फ्रेंचमध्ये 'कोमोद' म्हणजे सोयीचं, थेट कोमोडुसवरून. आधी ते नाव खणांच्या बुटक्या कपाटाला पडलं. मग रात्री उठून बाहेर जायला नको म्हणून ज्या खुर्चीत किंवा कपाटात भांडं ठेवत, तिला. आणि आपल्याकडे येईपर्यंत ते थेट चिनी मातीच्या भांड्याला चिकटलं. स्पेलिंगमध्ये दोन एम. 'अकोमोडेशन विथ वेस्टर्न कमोड' हा बोर्ड म्हणजे एकाच धातूची दोन रूपं शेजारी शेजारी.

रोमचा एक सम्राटही होता कोमोडुस नावाचा. १८० ते १९२ राज्य केलं. नावाप्रमाणे सोयीचा मात्र कोणालाच नव्हता, शेवटी आपल्याच माणसांनी गळा दाबून मारला.

निवृत्त_मास्तर

पाहुणे, तुम्ही इतके वाचलेले आहात हे आधी सांगायचं नाही का. पूर्ण अनुमोदन. कमोडिटीही त्याच घरची.

हुंडीवाला

चिपळूण. बँकेतून निवृत्त. आमच्या धंद्यात 'अकोमोडेशन बिल' असे. पूर्वी व्यापारी उधारीवर माल घेत आणि त्याबदली मुदतीचं बिल स्वीकारत. विकणारा ते बँकेत वटवून आधीच पैसे घेई. हे सरळ बिल. अकोमोडेशन बिलात माल नसतोच. एका व्यापाऱ्याला पैशांची नड आहे, दुसरा त्याचा मित्र. मित्र नुसत्या ओळखीवर बिलावर सही करतो, पहिला ते वटवतो आणि मुदतीआधी पैसे परत करीन म्हणतो. करतो का? बहुतेकदा करतो. न केल्यास सही करणाऱ्याकडून वसुली. दुसऱ्याची सोय करता करता स्वतः गैरसोयीत.

आणि ती सही करणं म्हणजे 'अ‍ॅक्सेप्ट' करणं. तिथेही मास्तरांचे दोन सी आहेतच.

परकर_पोलके

माझा मुलगा दहावीला आहे. त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'समायोजन शक्ती' आहे, ते याच शब्दाचं भाषांतर ना? डोळ्याचं भिंग जवळच्या-लांबच्या वस्तूंप्रमाणे आपली जाडी बदलतं ते.

निवृत्त_मास्तर

हो, अगदी तेच. इथे तर मूळ अर्थ सगळ्यात स्पष्ट दिसतो. अंतराच्या मापात स्वतःला बसवून घेणं. निरोगी डोळ्याला पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जवळचं नीट दिसतं असं पुस्तकात आहे. वय वाढलं की भिंग ताठर होतं, ही शक्ती कमी होते आणि माणूस वर्तमानपत्र हात लांब करून वाचायला लागतो. मग चाळिशी लागते. इंग्रजीतल्या अकोमोडेशनमधले दोन एम मोजायला मला आता डोळ्यांचं अकोमोडेशन पुरत नाही.

वेळासची_पडवी

आमच्याकडे कासव महोत्सवाला पाहुणे येतात. गावातली घरंच होमस्टे. पडवीत नाहीतर माजघरात गाद्या घालतो, वर पंखा, सकाळी अंधारात किनाऱ्यावर पिल्लं सोडायला जायचं. आल्यावर घावणे. गेल्या वर्षी एका बाईंनी फोनवर विचारलं, "अकोमोडेशन कैसा है?" आमच्या आईने विचार करून उत्तर दिलं, "जेवढे याल तेवढे मावाल." मास्तर, हे मूळ अर्थाला धरून आहे ना?

निवृत्त_मास्तर

आईंना माझा नमस्कार सांगा. शॅलो न्यायाधीशाने यांना बक्षीस दिलं असतं.

फ्लेक्सवाली

काउंटरवर 'उज्ज्वल' आणि 'तत्त्व' चालवून बघितलं. एक शिक्षक गिऱ्हाईक होते, त्यांनी लगेच मान डोलावली. दुसऱ्यांनी विचारलं, "मग उज्ज्वलमध्ये ज् दोन असतात?" म्हणजे एका ठिकाणी समजवायला गेले आणि दोन ठिकाणी समजवावं लागलं. त्यांच्यासाठी आता एक कागद काचेखाली लावलाय. दोन कॉट, दोन मच्छरदाण्या. कॉटचा सी, मच्छरदाणीचा एम. पाठ करायची युक्ती नको म्हटलं होतं खरं, पण मच्छरदाणीशिवाय इकडे खोली देतच नाहीत, त्यामुळे पटते लगेच.

जागेचं असं करते: मराठी ओळ मोठी, 'राहण्याची व जेवणाची सोय'. इंग्रजीत ज्यांना हवंच आहे त्यांना 'रूम्स' सुचवते, पाच अक्षरं. अडून बसले तर तेरा अक्षरं पूर्ण, आणि 'अव्हेलेबल' काढून टाकते. बोर्ड लावलाय म्हणजे अव्हेलेबल आहेच की.

खारवी_आळी

'लॉजिंग बोर्डिंग' का नाही? जुना, सुटसुटीत.

फ्लेक्सवाली

ते लिहिलं की पोरं-बाळं घेऊन आलेली मंडळी पुढे निघून जातात. इकडे त्याला वेगळा वास आहे.

रेवदंडा_बंदर

वास असेल, पण शब्द साधे आहेत. लॉज म्हणजे मुळात डहाळ्या-पाल्याचा आडोसा, आपला मांडवच म्हणा. आणि बोर्डिंगमधला बोर्ड म्हणजे जेवणाची फळी, त्यावरून जेवण. झोपायला मांडव आणि ताटाखाली पाट.

चौथा_इंजिनियर

अवांतर: अमेरिकन एजंट ईमेलमध्ये शेवटी एस लावून 'अकोमोडेशन्स' लिहितो, ब्रिटिश लिहीत नाही. कोणाचं बरोबर?

निवृत्त_मास्तर

दोघांचं, आपापल्या घरी. राहण्याच्या सोयीला अमेरिकेत अनेकवचन चालतं, ब्रिटिश वापरात ते मोजत नाहीत. आपण ब्रिटिश वळणाने शिकलो, त्यामुळे एस नको.

फ्लेक्सवाली

देव पावला. चौदावं अक्षर वाचलं.

परकर_पोलके

ताई, मास्तर, आणखी एक. आमच्या नणंदेच्या बोर्डावर 'सेपरेट बाथरूम' आहे. त्यात पीनंतर ई की ए? दोन्ही बघितलंय.

निवृत्त_मास्तर

ए. पुन्हा लॅटिन, पण इथे संधी नाही, नुसती जोडणी. 'से' म्हणजे बाजूला, 'पारारे' म्हणजे तयार करणे, मांडणे. बाजूला मांडलेलं ते सेपरेट. हेच पारारे 'प्रिपेअर'मध्ये आहे. तिथे पीनंतर ए लिहायला कोणी चुकत नाही. नणंदेला सांगा, प्रिपेअर लिहून बघा आणि त्यातलाच ए इकडे घ्या.

परकर_पोलके

सांगते. पत्र्याचा बोर्ड आहे, ईचा ए होईल ना पेंटरकडून?

फ्लेक्सवाली

कॅपिटलमध्ये असेल तर अवघड, खालची आडवी रेघ पांढऱ्याने बुजवायची आणि उजवीकडे दांडी ओढायची, शेजारचा आर चिकटून बसलेला असतो. स्मॉलमध्ये असेल तर होईल. फोटो टाका, बघून सांगते.